कोरडी मोटर

माझ्या नवऱ्यानं घरात आणलेल्या सगळ्यात बिनकामाच्या वस्तूचं नाव पाण्याखालची स्कूटर. नाव ऐकून शेजारच्या शकुनवहिनी मुद्दाम पाहायला आल्या आणि दिवाणाखाली वाकून चाकं शोधू लागल्या.

"बाप्पा, इले तं चाकंच नाहीत!"

चाकं नाहीत, सीट नाही, हॉर्न नाही. दुधाच्या मोठ्या कॅनला मागून पंखा बसवावा, तसं ते पिवळं धूड. पुढच्या कप्प्यात बॅटरी, मागच्या कप्प्यात मोटर, मोटरीच्या दांड्यावर पंखा. पाणबुड्यानं ते हातात पुढं धरायचं, त्याची दोरी कमरेच्या पट्ट्याला अडकवायची आणि बटण दाबायचं. मग ते माणसाला पाण्यातून ओढत नेतं. जमिनीवर मात्र माणसानंच त्याला उचलून न्यायचं. अमरावतीतल्या आमच्या दोन खोल्यांत ते ज्याच्या त्याच्या पायाला लागायचं आणि दर वेळी मी विपुलला एक टोमणा मारायची.

विपुल म्हणजे माझा नवरा. त्याचं गाव दर्यापूरजवळ, खारपाणपट्ट्यातलं. तिथं विहिरींना पाणी असतं, पण ते ना धड पिकाला देता येतं ना माणसाला पिता येतं. आयटीआय झाल्यावर तो अकोल्यात दाऊद चाचांच्या दुकानात मोटर वाइंडिंग, म्हणजे मोटरीत तांब्याची तार गुंडाळायचं काम, शिकला. बोअरच्या, विहिरींच्या जळालेल्या मोटरी तिथं दुरुस्तीला येतात. कधी दोर तुटून मोटर विहिरीतच पडते, तेव्हा ती आधी वर काढावी लागते. हे काम विपुल करायचा. बुडी मारून दोर बांधून वर यायचा. त्यात त्याचं नाव झालं आणि कोणाच्या तरी ओळखीनं तो गोव्याला गेला. तिथं तो खऱ्या पाणबुड्यांचं काम शिकला आणि समुद्रात बुडालेल्या जहाजांची पाहणी करणाऱ्या एका टोळीत लागला. ते लोक इतके खोल जातात की घाबरलं तरी सरळ वर येता येत नाही. ठरलेल्या जागी थांबत थांबत यावं लागतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात. वर्षातले काही महिने तो तिकडं असायचा आणि मी इकडं.

त्या दिवाळीला घरी आल्यावर चिवडा खाता खाता त्यानं हसत हसत सांगितलं, की एका बुडालेल्या जहाजाच्या पोटात असताना ही स्कूटर बंद पडली. मोटरीत पाणी शिरलं आणि ती दगडासारखी जड झाली. दोरी सुटेना. जोडीदारानं दोरी कापली आणि स्वतःच्या सिलिंडरची हवा दिली, म्हणून दोघं बाहेर आले. नंतर दुसऱ्या पाणबुड्यांनी स्कूटर वर काढली.

"आन तीच मले देली," तो म्हणाला. "म्हने तुमच्या तिकडं मोटरीचे मिस्त्री लय आहेत, दुरुस्त करून आन. थंडी संपली का पुन्हा त्याच जहाजात उतराचं आहे."

मी हसले नाही. चिवड्याची वाटी तशीच ठेवून उठले. त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. त्यानं पुन्हा त्या जहाजात जाऊ नये. आणि जायचंच असेल, तर या धुडानं त्याला बाहेर ओढून आणावं. पहिलं मी बोलून दाखवलं नाही, कारण त्याचं कामच ते. दुसऱ्यासाठी मात्र रविवारी सुट्टी असली की त्याच्याबरोबर अकोल्याच्या बसमध्ये बसू लागले.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. बसच्या खिडकीतून पाहावं तर लोक कपाशीची उभी पऱ्हाटी उपटून बांधावर टाकत होते. दाऊद चाचांच्या दुकानात मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. कापूस गेला, आता निदान हरभरा तरी साधावा म्हणून जो तो बोअर खोल करत होता, आणि विजेच्या लपंडावात मोटरी जळत होत्या. त्या ढिगात चाचा लाकडी स्टुलावर बसलेले असायचे. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, बोटांना वॉर्निशचा तपकिरी रंग. स्कूटर पाहून त्यांनी आधी तिला गोल फिरून पाहिलं, मग पंखा बोटानं हलवला.

"सीधी बात आहे," ते म्हणाले. "पानी भाहेर पायजे, मोटर अंदर. दांडा जथून भाहेर येते तथीच सगळी भानगड."

त्या जागी जे बसतं त्याला सील म्हणतात. दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींना चिकटून असतात, एक दांड्याबरोबर फिरते, एक जागेवर थांबते, आणि दोघींच्या मधून पाणी जाऊ शकत नाही. जुन्या सीलच्या चकतीचा टवका उडाला होता. नवं घ्यायचं तर कोणतं, यावर गुरुशिष्यांची जुंपली. विपुलला दोन्ही चकत्या कडक हव्या होत्या, राजकोटहून मागवायच्या. चाचा म्हणाले, "दोनी कडक असल्या आन पान्याभाहेर फिरवल्या, का तडकल्याच समज. बोटीवर तू बटन दाबून पाहशीनच. एक कडक घे, एक कार्बनची घे. कार्बन सवताच गुळगुळीत राह्यते." विपुलला ते पटलं. पंख्याचंही तसंच. विपुलनं कुठून तरी पितळेचा सुरेख पंखा मिळवला होता. चाचांनी खारपाणपट्ट्यातून आलेली एक मोटर उलटी करून दाखवली. पितळेशेजारचं अॅल्युमिनियम पिठासारखं भुरभुरलं होतं, आणि स्कूटरचं अंगही अॅल्युमिनियमचंच होतं. मग पंखा प्लास्टिकचा ठरला.

इथवर ठीक होतं. पण पुढच्या रविवारी विपुलला कार्बनचं सील पसंत पडेना. त्याच्या पुढच्या रविवारी बेअरिंग. मग दोन कप्प्यांच्या जोडावर बसणाऱ्या रबराच्या कड्या. काळ्या आणल्या तर तपकिरी हव्यात, तपकिरी आणल्या तर जाडी कमी. मुलगी पाहायला गेलेला मुलगाही इतक्या खोडी काढत नाही. चाचांच्या बायको हलीमाबी चहा घेऊन आल्या की हसायच्या.

"क्यूं बेटा, लग्नात बी इतकंच पाह्यलं होतं का?"

"नाही चाची," मी म्हटलं, "तवा घाईत होते. फसले."

एकदाचं सगळं बसलं आणि तपासणीचा शनिवार आला. मी सुट्टी टाकून गेले. तपासणी अशी असते. मोटरीच्या कप्प्याला एक छोटं बूच आहे. ते काढून तिथं हातपंप लावायचा, आतली हवा थोडी ओढून घ्यायची आणि पंपावरच्या काट्याकडं पाहत बसायचं. काटा जागेवर राहिला तर हवा आत जात नाही, म्हणजे पाणीही जाणार नाही. चहा होईपर्यंत काटा उतरला. विपुल लगेच म्हणाला, "सील गेली." मी नांदगाव पेठच्या कापडाच्या कारखान्यात कापड तपासते. दिवसभर दिव्याखाली धागा न् धागा पाहायचा, हेच माझं काम. मी ती रबराची कडी मागून घेतली आणि दिव्याखाली फिरवली. तिच्यावर कापसाचा एक तंतू आडवा चिकटला होता. दुकानासमोरून दिवसभर कापसाच्या गाड्या जातात, त्यातलाच. तो काढला, कडी पुसून ग्रीस लावून पुन्हा बसवली आणि काटा हलायचा थांबला. चाचा खूश झाले. विपुल मात्र, सील बदलून पाहायला काय हरकत आहे, असं म्हणतच राहिला. मी डोळे वटारले तेव्हा गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी गावच्या विहिरीत स्कूटर चालवून पाहायची होती. आम्ही पंप काढला, बूच हातानंच बसवलं, स्कूटर दाराशी उभी केली आणि पोटभर जेवून शिसं विकत घ्यायला बाजारात गेलो. पाण्यात ती ना वर तरंगावी ना खाली बुडावी, म्हणून तिला शिशाचे तुकडे लावावे लागतात. परत आलो तेव्हा चाचा नमाजाला गेले होते. आम्ही स्कूटर उचलून गावाकडं जाणाऱ्या जीपमध्ये टाकली.

"आज जडच लागून राहिली," विपुल म्हणाला.

"जेवन जड झालं असन," मी म्हटलं.

रविवारी सकाळी विहिरीवर अर्धं गाव जमलं. ही विहीर माझ्या सासऱ्यांची, चंद्रभानजींची. मी त्यांना मामाजी म्हणते. पाणी खारट, त्यामुळं उपसत कोणी नाही, आणि म्हणूनच आत पाणी भरपूर. स्कूटर समुद्रात चालते हे कळल्यापासून मामाजी सगळ्यांना सांगत होते की आपलं पाणीही काही कमी खारट नाही. पोरं काठावर, म्हातारे लिंबाखाली, बाया धुणं घेऊन आलेल्या. विपुलनं पाणबुड्याचा काळा पोशाख चढवला, तेव्हा एका आजीनं पदर तोंडाला लावला.

उतरण्याआधी पुन्हा एकदा काटा पाहावा म्हणून त्यानं बूच काढलं. आतून पाणी आलं.

थोडंथोडकं नाही. धार लागली आणि त्याचे पाय भिजले.

"अरे, इहिरीत टाकाच्या आंधीच पानी?" मामाजी म्हणाले.

लिंबाखालचे म्हातारे पुढं आले. कोणी म्हणालं, बाहेरदेशी मशीन आहे, आपल्या हवेत घाम आला असेल. कोणी म्हणालं, दव पडलं. मी विपुलकडं पाहत होते. तो ओला हात पुसत म्हणाला, "सील गेली. नाही जमत आता. नाही जाता येत." जी वस्तू पाण्यात गेलीच नाही तिच्या सीलमधून पाणी कसं येईल, हे आयटीआय केलेल्या माणसाला कळू नये? आणि त्याचा चेहरा! महिनाभर राबून केलेलं काम वाया गेलं होतं, पण त्याला राग आला नव्हता. परीक्षा पुढं ढकलली गेल्याचं ऐकल्यावर पोरं दिसतात, तसा तो दिसत होता. तेव्हा मला ते नीट कळलं नाही. मला फक्त त्याचा भयंकर राग आला.

तेवढ्यात दर्यापूरकडून येणारी जीप रस्त्यावर थांबली आणि दाऊद चाचा उतरले. शेताच्या वाटेनं ते जवळजवळ पळतच आले. टोपी हातात, दाढी घामानं ओली.

"विपुल, टाकू नको! थांब!"

विहिरीशी येऊन त्यांनी उघडं बूच पाहिलं, ओली माती पाहिली. काय झालं ते त्यांना कळलं. मामाजींनी त्यांना सांगायला सुरुवात केली, की मशीनला घाम आला. तिथंच चाचा गप्प बसले असते तर घामावर निभावलं असतं. आसपासच्या गावांत पाणीपुरवठ्याच्या मोटरी चाचांच्याच हातच्या, जमलेल्या माणसांत त्यांना न ओळखणारं कोणी नव्हतं.

"घाम नाई, चंद्रभानजी," चाचा म्हणाले. "सील बी नाई गेली. पानी म्या भरलं."

बोअरच्या मोटरीचं असं असतं. तिलाही एक बूच असतं, पण त्यातून स्वच्छ पाणी भरायचं असतं. तिची तार पाण्यातच राहते, तिच्या बेअरिंगला पाण्याचंच वंगण. आत पाणी नसताना मोटर चालवली की ती जळालीच. म्हणून चाचांच्या दुकानात दाराशी ठेवलेली मोटर म्हणजे तयार झालेली मोटर, आणि तिच्यात शेवटचं पाणी चाचांनी स्वतः भरायचं. कोरडी मोटर दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही. सगळं आयुष्य त्यांनी हे पाळलं होतं. आम्ही स्कूटर नेमकी दाराशी ठेवली. जाता जाता चाचांनी नरसाळं घेतलं, बूच काढलं, हवेचा एकही बुडबुडा राहणार नाही इतक्या निगुतीनं पाणी भरलं आणि नमाजाला गेले. सकाळी दुकान उघडल्यावर त्यांना नरसाळं ओलं दिसलं. काल तर दुकानातून एकही बोअरची मोटर गेली नव्हती. मग त्यांनी जीप पकडली.

कोणीतरी फिसकन हसलं. चाचा हातातली टोपी डोक्यावर नीट बसवत म्हणाले, "माह्या हातानं मले इचारलं बी नाई."

मामाजींनी त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं. विपुल म्हणाला, "जाऊ द्या चाचा, होते असं." तो खरंच रागावला नव्हता. राग मला एकटीला आला होता, आणि कोणावर काढावा तेही कळत नव्हतं. चाचांवर काढावा तर ते समोर मान खाली घालून बसलेले. शेवटी धुणं घेऊन आलेल्या बायांना मी उगाच म्हटलं, की तमाशा संपला, घरी जा.

स्कूटर पुन्हा अकोल्याला गेली. मोटर सुटी करून चाचांनी वॉर्निश वाळवायच्या भट्टीत मंद आचेवर ठेवली. पाणी गोडं होतं, मोटर चालवली नव्हती, म्हणून तार वाचली. बेअरिंग नवी घातली. पुढच्या रविवारी पुन्हा सगळं बसवलं आणि कप्पा बंद करायची वेळ आली तेव्हा चाचांनी हात मागं घेतला.

"विपुल, तू बी नको करू. तुहा हात बी माह्याच दुकानातला. त्याले बी तीच सवय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बेटा, तू कर. तुह्या हाताले कोनतीच सवय नाई. आन नजर आहे."

मी शिकले. ओल्या फडक्यानं आधी टेबल पुसायचं. केस धुऊन घट्ट बांधायचे, कारण कारखान्यातून मी डोक्यात कापूस घेऊनच येते. रबराची कडी नखानं नाही, बोटाच्या पेरानं काढायची. ग्रीस इतकंच की कडी चमकली पाहिजे, माखली नाही पाहिजे. समोरून पाहायचं, दिव्याखाली पाहायचं, मग बंद करायचं. चाचा शेजारी बसून पाहायचे आणि मध्ये बोलायचे नाहीत. विहिरीतली दुसरी चाचणी नीट झाली. स्कूटरनं विपुलला खाली नेलं, गोल फिरवलं, वर आणलं. गावानं टाळ्या वाजवल्या, मामाजींनी पेढे वाटले. विपुल पाण्यातून बाहेर आला आणि म्हणाला, "पंखा थोडा वेगळा पायजे होता."

नंतर अकोल्याला गेलो तेव्हा हलीमाबींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. त्या एरवी थट्टेशिवाय बोलत नाहीत.

"तेवढा काटा संभाळ, बेटा," त्या म्हणाल्या. "हे आता हर एक मोटरीचं बूच तीन-तीन बार पाहतात. जेवता जेवता उठून दुकानात जातात. म्हनतात, अबकी बार काटा गिरा तो मैं समझूंगा, हाथ गया. दुकान बंद करतो म्हनतात."

गोव्याहून बोलावणं आलं. तिकीट निघालं. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी घरी, शिलाई मशीनच्या टेबलावर, शेवटचं सगळं उघडून पुसून बंद केलं. पंप लावला, हवा ओढली, काटा जिथं थांबला तिथं काचेवर स्केचपेननं बारीक रेघ मारली. रात्रभर ते तसंच राहणार होतं. सकाळी काटा रेघेवर असला तर विपुल स्कूटर घेऊन जाणार. नसला तर तो जाणार नाही, असं त्यानंच दोन-तीनदा मला सांगितलं होतं.

सकाळी तो अंघोळीला गेला आणि मी टेबलाशी गेले. काटा रेघेवर होता. केसभरही इकडं तिकडं नाही.

दाराशी त्याची बॅग भरलेली होती. मला ते जहाज दिसत नव्हतं, मी समुद्रसुद्धा कधी पाहिलेला नाही. मला फक्त त्या बॅगेची बंद चेन दिसत होती. आणि पंपाचा नट नखाएवढा सैल केला तर काटा उतरेल, हे मला चांगलं ठाऊक होतं. कोणाला कळणार होतं? तपासणारी मीच. विपुल राहिला असता. आज, उद्या, सगळा मोसम. माझं बोट नटापर्यंत गेलं.

मग चाचा डोळ्यांपुढं आले. त्यांना फोन करावा लागला असता. चाचा, काटा पडला. कप्पा मी बंद केला असला तरी आतलं काम त्यांच्याच हातचं होतं. चूक मशीनची, हवेची, विपुलची, कोणाचीही असू शकते असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नसतं. त्यांनी स्वतःचे हात पाहिले असते आणि शटर ओढून घेतलं असतं. माझा नवरा घरात ठेवायला मी त्यांचे हात कसे देऊ? मी बोट मागं घेतलं. मला रडू येत होतं आणि रडायचाही राग येत होता.

विपुल टॉवेलनं डोकं पुसत आला.

"किती उतरला?"

उतरला का, असं त्यानं विचारलं नाही. किती, असं विचारलं.

"नाही उतरला."

"नीट पाह्यलं?"

"तूच पाह्य." लोकांत मी त्याला तुमी म्हणते, दोघंच असलो की तू.

तो वाकला. काचेवर टिचकी मारली. पुन्हा मारली. मग सरळ होत म्हणाला, "सील एकदा बदलून घेतली असती, तं..."

माझं डोकं फिरलं.

"सील चांगली आहे. बेअरिंग चांगली आहे. पंखा चांगला आहे. दिवाळीपासून तू पार्ट नाही शोधून राहिला, कारन शोधून राहिला. तुले जाचं नसन तं तोंडानं सांग. त्या काट्यावर ढकलू नको. तो खाली आला तं अकोल्यात एक म्हातारा दुकान बंद करते!"

तो दिवाणावर बसला. टॉवेल तसाच हातात. मला वाटलं आता भांडण होईल, आणि मी तयारही होते. तेवढ्यात फोन वाजला. दाऊद चाचांचा होता. मी स्पीकरवर टाकला.

"बेटा, काटा?"

"जागचा हलला नाही, चाचा."

मागून हलीमाबींचा "या अल्लाह, तेरा शुक्र" ऐकू आला. चाचांनी मोठा श्वास सोडला. "मंग विपुल किती वाजता निंगते?"

मी विपुलकडं पाहिलं. विपुलनं हात पुढं करून फोन घेतला.

"चाचा, मशीन एकदम बरोबर आहे. मी नाही जाऊन राहिलो." त्यानं टॉवेल बाजूला ठेवला. "मले भेव वाटते, चाचा. तथी आत बंद पडलो होतो ना, तवापासून. झोपीत बी ती दोरी सुटत नाही."

दिवाळीला हसत हसत सांगितलेली गोष्ट त्यानं आता अशी सांगितली. मी त्याच्याशेजारी बसले. त्याच्या पाठीवर हात ठेवला. इतके दिवस मी त्याला टोमणे मारत होते आणि हा माणूस दर रविवारी माझ्या शेजारी बसून हे सगळं एकट्यानं घेऊन फिरत होता.

"हाव ना, बेटा," चाचा म्हणाले. "मले बी वाटते. आता बूच कसताना हर बार वाटते."

"मंग काय करता?"

"कोनाले तरी सांगतो. चाचीले सांगतो. मंग चाची माह्यासोबत येऊन बसते दुकानात."

शेवटी चाचांनीच सलाम केला.

मग विपुलनं स्वतः गोव्याला फोन लावला. मला वाटलं तो तब्येतीचं काहीतरी सांगेल, घरात अडचण आहे म्हणेल. मी तेही चालवून घेतलं असतं. तो म्हणाला, "स्कूटर दुरुस्त झाली आहे, सर, पाठवून देतो. तिच्यात काही दोष नाही. मी येत नाही. मला भीती वाटते."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. त्यानं माझा हात घट्ट धरला होता, तो फोन ठेवल्यावरही सोडला नाही.